खपणारी कोण?

बाई गेल्या त्याच्या दहाव्या दिवशी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. शोकसभा कसली, हास्यसंमेलनच होतं ते. एकेक जण उठत होता, बाईंचा एकेक किस्सा सांगत होता आणि खुर्च्यांमधून हशा पिकत होता. "आपल्या बिल्डिंगची डिटेक्टिव्ह आजी!" सेक्रेटरी म्हणाले, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. फोटोतल्या बाई मात्र नेहमीसारख्याच बघत होत्या, समोरच्याच्या वहीत चूक सापडल्यासारख्या.

चहा संपल्यावर सेक्रेटरी माझ्याकडे आले. "तू त्यांची स्टुडंट ना? नोटीस बोर्डावर लावायला एक पान लिहून दे. टेन्शन घेऊ नको. आठवणी वगैरे टाक, चांगलं चांगलं लिही."

तर हे लिहिते आहे. आठवणी वगैरे टाकते आहे. चांगलं चांगलं किती होईल ते सांगता येत नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही. बाईंवरचा गेला नाही, या हॉलवरचा गेला नाही आणि स्वतःवरचा तर मुळीच नाही. सेक्रेटरी हे बोर्डावर लावणार नाहीत, हेही मला माहीत आहे. त्या बोर्डासमोरच गेटवर एक दुसरी पाटी गेली चार वर्षं आहे. ती मात्र कुणी काढत नाही.

बाईंनी मला आठवीत मराठी शिकवलं, मुंबईच्या शाळेत. पुढे लग्न झालं, मुलं झाली, मग घर बदलून मी नेरूळला आले, आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, "मुली, तुझ्या दारावरच्या पाटीत 'निवास'मधला नि दीर्घ काढलाय." वळून पाहिलं तर बाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. लग्न केलं नव्हतं. मी चाळिशीची होते, दोन मुलांची आई होते, पण त्या लिफ्टमध्ये माझे हात आपोआप मागे गेले. पाटी मी त्याच दिवशी बदलून घेतली.

आठवीत बाईंनी आम्हाला कर्ता शोधायला शिकवलं. वाक्यातलं क्रियापद पकडायचं, त्याच्या धातूला 'णारा' लावायचा आणि विचारायचं, कोण? राम आंबा खातो. खाणारा कोण? राम. झाला कर्ता. बाई हे असं शिकवायच्या की जणू वर्गात खून झालाय आणि खुनी तिसऱ्या बाकावर बसलाय. खडू बोटांत धरून त्या बाकांमधून फिरायच्या आणि एकदम कुणापुढे तरी थांबून म्हणायच्या, "पळणारा कोण?" ज्याच्यापुढे थांबायच्या तो पोरगा घाबरून म्हणायचा, "बाई, मी नाही."

निवृत्तीनंतर हेच सूत्र त्यांनी नेरूळला लावलं. कचरा टाकणारा कोण? दुधाची पिशवी नेणारा कोण? गाडीवर ओरखडा काढणारा कोण? पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, गेट आणि जिना दोन्ही दिसतील अशा बेताने त्यांची वेताची खुर्ची असायची. मांडीवर शाळेची दोनरेघी वही, कानामागे लाल पेन. लिफ्टसमोर कुणाचा तरी कुत्रा घाण करायचा, तर बाईंनी खडूची पूड करून तिथे पसरली आणि सकाळी पांढऱ्या पावलांच्या मागे मागे सहाव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. कुत्र्याची मालकीण दार उघडून काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "नाकबूल करू नका. पाय पुसायला विसरलात."

एकदा खजिनदाराविरुद्ध एक निनावी पत्र सगळ्यांच्या दारांखालून सरकवलं गेलं. टाईप केलेलं. सगळे डोकं खाजवत बसले. बाईंनी पत्र एकदाच वाचलं, तळमजल्यावर आल्या, बोर्डावरची नोटीस वाचली आणि परत गेल्या. संध्याकाळी मीटिंगमध्ये उठून म्हणाल्या, "पत्रात 'सुचना' ऱ्हस्व आहे. बोर्डावरही 'सुचना' ऱ्हस्व आहे. माणूस थापा मारतो, ऱ्हस्वदीर्घ थापा मारत नाहीत. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही बोलता की मी बोलू?" सेक्रेटरी पडले तोंडघशी. हेच ते, शोकसभेत टाळ्या घेणारे. त्यांनी हा किस्सा मात्र सांगितला नाही.

मला मजा यायची, खोटं का बोला. माझ्या ऑफिसमध्ये दिवसभर माणसं एकमेकांना फॉरवर्ड पाठवत बसायची, आणि इथे एक सत्तरी ओलांडलेली बाई डोकं चालवत होती. हळूहळू मी त्यांची लेखनिक झाले. त्यांचा हात थरथरायला लागला होता, माझं अक्षर वळणदार. रविवारी सकाळी त्या सांगायच्या आणि मी वहीत उतरवायची. 'प्रकरण क्रमांक अमुक' असं शीर्षक, खाली दोन रेघा. जबाब लिहून घेताना त्या समोरच्याचं बोलणं मला शुद्ध करून सांगायच्या. वॉचमन म्हणाला असेल, "मय नही देखा साब," तर बाई सांगणार, "लिही, मी पाहिले नाही." मी लिहायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आठवीतही आम्ही तेच करत होतो.

बाईंच्या कपाटात एकाच तऱ्हेची पुस्तकं होती. परदेशातलं एखादं टुमदार गाव, तिथे एक म्हातारी, आणि ती म्हातारी बागकाम करता करता, विणकाम करता करता खुनी शोधून काढते. पोलीस बावळट असतात. खून होतो, पण कुणाला फारसं लागत नाही, चहा आणि केक चालू राहतो. शेवटच्या प्रकरणात म्हातारी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवते आणि बोट दाखवते. मीही ती बाईंकडून नेऊन वाचली, आवडीने वाचली. आता हात लावत नाही. त्या पुस्तकांत म्हातारीचं बोट कधी चुकीच्या माणसाकडे जातच नाही. गेलं तर त्या माणसाचं पुढे काय होतं, ते लिहायला कुणाला वेळ नसतो.

आता हिरामावशी. ती दिवाळे गावची, बेलापूरच्या खाडीवरची कोळीण. आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये यायची. पंधरा-सोळा वर्षं येत होती, म्हणजे लिफ्ट बदलली, गेट बदललं, तीन सेक्रेटरी बदलले, हिरामावशी तीच. कुणाला बोंबील आवडतात, कुणाच्या नवऱ्याला काटे चालत नाहीत, कुणाकडे बाळंतीण आहे, सगळं तिला पाठ. बाई पक्क्या शाकाहारी. हिरामावशीचा आवाज जिन्यात आला की त्यांचं दार बंद व्हायचं आणि आत उदबत्ती लागायची. इतक्या वर्षांत त्या दोघींमध्ये शब्दाची देवाणघेवाण झाली नव्हती. बाईंनी तिला फक्त वरून, गॅलरीतून ऐकलं होतं.

चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या, मुलगा परदेशात. बाईंना माणसं नकोशी वाटायची, पण या आजी मात्र हव्या असायच्या. रोज संध्याकाळी आजी खाली यायच्या, गॅलरीत दुसरी खुर्ची पडायची आणि दोघी शब्दकोडं सोडवायच्या. आजींना उत्तरं यायची नाहीत, बाईंना सांगायला कुणीतरी हवं असायचं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. आजी मासे खायच्या, आणि हात थरथरायचे म्हणून हिरामावशी त्यांना कोळंबी स्वतः सोलून द्यायची. त्यांच्या ओट्यापाशी बसून. हे बाईंना माहीत होतं, पण आवडत नव्हतं.

एका बुधवारी दुपारी मुलाचा फोन आजींनी उचलला नाही. त्याने सेक्रेटरींना फोन केला, दार उघडलं, तर आजी पलंगावर आडव्या, शांत. उशाशी चष्मा नीट घडी करून ठेवलेला. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. ब्याऐंशी वर्षांची बाई, सकाळची कामं उरकून जराशी आडवी झाली ती उठलीच नाही. ओट्यावर वाटीभर सोललेली कोळंबी झाकून ठेवली होती.

बाई त्या खोलीत गेल्या. रडल्या नाहीत. पलंगापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "उजव्या हातात पाटली नाही."

बाईंनीच आम्हाला आठवीत शिकवलं होतं की काही क्रियापदांना कर्ता नसतो. उजाडलं. सांजावलं. इथे 'उजाडणारा कोण' असं विचारायचं नाही, विचारलं तर वर्ग हसेल. त्याला भावकर्तृक म्हणतात, शेवटच्या धड्यात येतं, परीक्षेला एका गुणाला असतं. आजींचं तसंच झालं होतं, सांजावलं होतं. पण आपली एकुलती एक मैत्रीण कुणीही न मारता मरते, हे बाईंना सहन झालं नाही. त्यांना मारणारा हवा होता. एवढं मला आता समजतं, आणि समजूनही राग जात नाही.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. वही समोर. "लिही. काल सकाळी साडेनऊला कोळीण चौथ्या मजल्यावर गेली. दहाला खाली आली. टोपली रिकामी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून तिने मोबाईलवर कुणाला तरी सांगितलं. शब्द लिही." बाईंनी डोळे मिटले. "खपली. सकाळीच खपली. आता बसते निवांत."

माझं पेन थांबलं. "बाई, असं म्हणाली?"

"माझ्या कानांनी ऐकलं. प्रेत सापडलं दुपारी एक वाजता. तिला सकाळी दहा वाजता कसं ठाऊक?"

मी लिहिलं, वळणदार अक्षरात. खरं सांगते, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या घरी दर शुक्रवारी तिच्याच टोपलीतले मासे शिजत होते. मासे विकणाऱ्या बाईच्या तोंडी 'खपली' म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही. समोर बाई होत्या, हातात वही होती, आणि वहीतलं वाक्य इतकं शुद्ध होतं की ते हिरामावशीचं वाटतच नव्हतं. ते कुठल्यातरी पुस्तकातल्या खुनी बाईचं वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. शेवटचं प्रकरण. खुर्च्या अर्धगोल मांडल्या होत्या, तसं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी पाटलीचं सांगितलं, वेळा सांगितल्या, मग माझ्याकडे वळल्या. "वाच, मुली."

मी वाचलं. उभी राहून, स्पष्ट आवाजात, जसं वर्गात वाचायची तसं. खपली. सकाळीच खपली. आता बसते निवांत.

हॉलमध्ये कुणीतरी "बापरे" म्हणालं. मग तोंडं सुटली. "तरी म्हटलं, सगळ्यांच्या किचनपर्यंत कशी जाते ही." "आमच्याकडे तर बेबी झोपलेली असायची हॉलमध्ये!" "हे गाववाले असेच असतात, नवी मुंबईत जमिनी गेल्या ना त्यांच्या, आपल्यावर डूख आहे." हे म्हणणाऱ्याची बायको दर बुधवारी हिरामावशीकडून सुरमईचं डोकं फुकट घेत होती. एकाही माणसाने विचारलं नाही की तिला बोलावून विचारायचं का. त्या पुस्तकांत निदान आरोपी तरी दिवाणखान्यात असतो.

आजींचा मुलगा आला होता. त्याला पाटली हवी होती. बाईंची वही घेऊन तो चौकीवर गेला. हिरामावशीला उचलून नेलं, दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. दिवाळ्यात तिच्या घरात शिरून डबे उपडे केले, जाळी उसवून पाहिली, आणि हे सगळं आख्ख्या पाड्याने दारात उभं राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी तिला सोडलं. आमच्या गेटवर तोवर पाटी लागली होती: मासे विक्रेत्यांस सक्त प्रवेशबंदी. 'सक्त' शब्द बाईंनी सुचवला होता.

आजींच्या तेराव्यानंतर मुलगा-सून घर आवरत होते. पापडाचा मोठा डबा उघडला, वरचे पापड काढले, खाली आजींचा रुमाल, रुमालात पाटली. हात सुजायचे त्यांचे. साबण लावून पाटली काढली असणार आणि बायका जिथे ठेवतात तिथे ठेवली. मुलाने "सॉरी हं, कन्फ्युजन झालं" असं ग्रुपवर टाकलं, खाली नमस्काराचे हात. एकवीस लोकांनी अंगठे दिले. पाटी कुणी काढली नाही. आणि बाई म्हणाल्या, "म्हणजे चोरी नव्हती. पण ते वाक्य उरतंच."

ते वाक्य मलाही झोपू देत नव्हतं. रविवारी मी रिक्षा केली आणि दिवाळ्याला गेले. जेट्टीच्या अलीकडे बायका ओळीने बसतात. हिरामावशी शेवटच्या टोकाला, जरासं अंतर ठेवून बसली होती. मला बघून तिने टोपलीवरचं फडकं सरळ केलं.

"ये ताय. काय देऊ?"

"मावशी, मी माशांसाठी नाही आले."

"मंग कशाला आलीस? आता काय रायलंय?"

मी विचारलं. जिन्यात फोनवर काय बोललीस, नक्की काय शब्द होते.

"तू पन इचारतंस?" ती हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं. "चौकीवर वही वाचून दाखवली मना. बोलले, ह्या तू बोललीस काय? मी बोलले, हाव, बोलले. खोटा कशाला बोलू? सुनंला फोन केलता. बोलले, सगली खपली गो, सकालीच खपली. आता बसते निवांत. त्या दिवशी कोलबी बेस होती, मोठी मोठी. दहा वाजता टोपली खाली. आजीला वाटी देली ती शेवटची." मग म्हणाली, "दुसरे दिवशी एक हवालदार आला, आपल्याच उरनकडचा. त्याने ऐकला आनि कपालाला हात लावला. तवा सोरली मना."

सगली.

वहीत 'सगली' नव्हतं. सगळी खपली. एक म्हातारी सगळी कशी खपेल? तो एक शब्द असता तर हॉलमधल्या प्रत्येकाला कोळंबी दिसली असती. मला दिसली असती.

तिथून मी थेट बाईंच्या दारात. चपला काढल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे आवाज चढवला. "बाई, ती सगली खपली म्हणाली होती. तुम्ही 'सगली' का गाळलंत?"

बाईंनी डोळे मिटले, आठवून पाहिलं. त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत उत्तम होती, हाच तर संताप. "हो," त्या म्हणाल्या. "म्हणाली होती. सगली. आणि पुढे 'गो'. तिला ळ येत नाही. मला वाटलं, या लोकांच्या बोलण्यात असतो तसा भरणा."

"भरणा? बाई, कोळंबी खपली! विकली गेली!"

"मला शब्दार्थ शिकवतेस?"

"हो, शिकवते! तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? धातूला णारा लावा. खपणारी कोण? विचारलंत का तुम्ही एकदा तरी? खपणारी कोण, बाई?"

त्यांचे ओठ नुसते हलले, आम्ही पाढे म्हणायचो तसे. मग म्हणाल्या, "कर्ता अध्याहृत होता." म्हणजे वाक्यात न बोललेला, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा. "मी चुकीचा धरला."

मला वाटलं, आता ही बाई उठेल. उठेल, चप्पल घालेल, माझा हात धरून खाली येईल. त्या उठल्याही. वही काढली, ते पान उघडलं, कानामागचं लाल पेन घेतलं, 'खपली'च्या मागे काकपदाची खूण केली आणि वर लिहिलं, 'सगळी'. ळ घातला. मग समासात, अगदी बारीक अक्षरात, अर्धा गुण कमी केला.

अर्धा गुण! दोन दिवस चौकीचा बाक, उसवलेली जाळी, पाड्यातल्या नजरा, पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं. अर्धा गुण. मी दार आपटून निघाले. पुढे दोन महिने मी त्यांच्या घराची पायरी चढले नाही.

दोन महिन्यांनी त्यांनी वॉचमनबरोबर लिफाफा पाठवला. वर लिहिलं होतं, श्रीमती हिराबाई यांस. हाती देणे. मी नेला. हिरामावशी म्हणाली, "मना कुठं येतंय वाचाला? तू वाच." पुन्हा मीच वाचणारी. 'सप्रेम नमस्कार. अनवधानाने माझ्याकडून आपल्या विधानाचा विपर्यास झाला व त्यायोगे आपणांस जो मनस्ताप सोसावा लागला, त्याबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे. लोभ असावा.'

आजूबाजूच्या बायका सुरी थांबवून ऐकत होत्या. हिरामावशीने विचारलं, "म्हंजे काय गो?"

"चुकले म्हणतायत."

"मंग तसा लिवाचा ना." तिने कागद माझ्या हातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. फेकला नाही. मग म्हणाली, "ती सोता का नाय आली? मी काय खाल्ली असती तिला?"

नेरूळहून दिवाळ्याला रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. हे मी बाईंना किती वेळा सांगितलं असेल. त्या आजारी पडायला लागल्यावर मी पुन्हा जाऊ लागले होते, औषधं आणून द्यायला, चादर बदलायला. आठवीपासूनचं नातं असं झटकून टाकता येत नाही, याचाही मला राग यायचा. त्या सरळ विचारत नसत. "तिकडे कोळंबी येते का गं अजून?" असं भिंतीकडे बघून विचारायच्या. मी म्हणायची, "जाऊन बघा." एकदा खरंच तयार झाल्या. कडक इस्त्रीची साडी, अंबाड्यात फूल. मी रिक्षा बोलावली, बसलो. स्टेशनजवळच्या सिग्नलला म्हणाल्या, "मुली, चष्मा राहिला घरी. वळव." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी रिक्षा वळवली. ती मी वळवायला नको होती.

गॅलरीतली खुर्ची शेवटपर्यंत तिथेच राहिली, वहीही चालू राहिली. पाण्याची मोटर बंद करणारा कोण, हे त्यांनी शोधलं, बरोबर शोधलं. पार्किंगमधलं सिलिंडर नेणारा कोण, तेही. सगळे कौतुक करायचे. ते एक प्रकरण सगळे विसरले, आणि ते विसरावं म्हणून आणखी जोरात कौतुक करायचे, असं मला वाटतं. आपण एका बाईला खुनी ठरवून मग पापडाचा डबा उघडला, हे आठवण्यापेक्षा 'डिटेक्टिव्ह आजी' म्हणणं सोपं. शोकसभेत पंधरा माणसं बोलली. हिरामावशीचं नाव एकाने घेतलं नाही. मीही नाही. मी मागच्या रांगेत चहाचा कप धरून बसले होते.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाळ्याला गेले. तिला सांगावं असं वाटलं, आणखी काय करणार होते मी. हिरामावशी आता म्हातारी दिसते. टोपली मोठी झेपत नाही, लहान घेऊन बसते. मी पोचले तेव्हा टोपली रिकामी होती आणि ती फडकं धूत होती.

"मावशी, आमच्या बाई गेल्या."

तिचे हात थांबले. "कवा?"

"दहा दिवस झाले."

"बरा," ती म्हणाली. बरं झालं असं नाही, बरं, कळलं, असं. फडकं पिळून तिने टोपलीच्या काठावर वाळत टाकलं. "लय एकटी होती गो. आजी सांगाची मना." आणि मग, "पाटी हाय अजून?"

मी मान हलवली. आहे.

इतक्यात पलीकडच्या ओळीतल्या एका बाईने हाक मारली, "हिरा, खपली का गो?"

हिरामावशीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. शेजारची बाई हसून मला म्हणाली, "ही आता असाच करते. चार वरसं झाली. शालंतल्या पोरीवानी बोलते."

हिरामावशीने पदर नीट केला आणि एकेक शब्द सुटा करून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी सगळी कोळंबी संपली."

कर्ता होता, विशेषण होतं, दोन्ही ळ जागच्या जागी होते. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.